निवळी

“डावा पाय सरळ करा बघू,” मी म्हणाले.

“त्योच तर रुसलाय,” सीटी स्कॅनच्या टेबलावरून रामचंद्र गुरव म्हणाले. “मांडीखाली उशी घातली तरच गप बसतो.”

मी उशी घातली. या गोष्टीला सतरा वर्षं झाली, पण त्या उशीचा निळा अभ्रासुद्धा मला आठवतो. पोटात दुखतंय म्हणून आलेला माणूस एक पाय जवळ घेऊन झोपत असेल, तर दुखणं आतड्यांत नसून त्यांच्या मागच्या, कण्याला लागून असलेल्या मोठ्या स्नायूत असू शकतं. हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण पक्कं डोक्यात बसवलं ते रेवणकर सरांनी.

वाईतलं ते हॉस्पिटल सरांचंच. चाळीस वर्षं प्रॅक्टिस केलेले फिजिशियन, आसपासच्या पन्नास गावांत त्यांचा शब्द चालायचा. मी एम.डी. होऊन तिथे रेडिओलॉजिस्ट म्हणून लागले तेव्हा माझे वडील नुकतेच गेले होते, आणि सरांनी मला ज्या मायेनं वागवलं ती मी आजही खोटी म्हणणार नाही. एक्स-रे आणि स्कॅन म्हणजे शेवटी सावल्या वाचणं, म्हणून ते मला सावलीबाई म्हणायचे. “आमच्या सावलीबाईंचं काम म्हणजे बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर,” असं ते पाहुण्यांना सांगायचे, आणि मी मनातल्या मनात फुगायचे.

गुरवकाका साठीचे. धोम धरणाच्या वरच्या अंगाला एका गावात देवळाची पूजा आणि वाजप त्यांच्याकडे. तीन वर्षांपूर्वी हृदयाची झडप बदलून धातूची बसवली होती, तेव्हापासून सनई बंद आणि नगारा चालू. धातूच्या झडपेवर रक्ताची गाठ बसू नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज घ्यायची, जन्मभर. त्यांच्या हातात सुई बसवायला मी वाकले तेव्हा मला ती झडप ऐकू आली. बारीक टिकटिक, खिशातल्या घड्याळासारखी.

“ऐकू येतंय न्हवं?” काका म्हणाले. “आमच्या हिला त्याबिगर झोप येत न्हाई. आधी म्हणायची, घोरता लई. आता म्हणती, वाजत ऱ्हावा.”

टेबल आत गेलं. यंत्र त्यांच्याभोवती घरघरत फिरायला लागलं, तसे ते म्हणाले, “मॅडम, हे माझी आरती करतंय का काय?”

“बोलू नका काका, श्वास रोखा.”

सकाळचे अकरा वाजले होते. सोनोग्राफीत सगळं गॅसनं झाकलं होतं, म्हणून सरांनी चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘मुतखडा? बघून घे.’ मी खडाच शोधत होते. खडा नव्हता. डाव्या बाजूला कण्यालगतचा स्नायू उजव्याच्या दुप्पट फुगला होता, आणि त्या फुगवट्याच्या मधोमध एक आडवी रेघ होती. पट्टीनं आखल्यासारखी सरळ. रेघेच्या वर फिकट, खाली दाट.

ती रेघ काय असते, ते मला सरांनी त्यांच्या घरी जेवणाच्या टेबलावर दाखवलं होतं. वाढायला उशीर झाला म्हणून ताकाचे पेले तसेच राहिले होते. सरांनी एक पेला उचलून माझ्यासमोर धरला. “हे बघ. वर निवळी, खाली दाट. रक्त गोठलं की त्याचा गोळा होतो, वेडावाकडा. पण ज्याचं रक्त गोठतच नाही, त्याचं आत साठलेलं रक्त असं ताकासारखं बसतं. पडद्यावर सरळ रेघ दिसली ना, की तू पेशंटला बघायच्या आधी त्याच्या औषधांची पिशवी बघ.” मग त्यांनी तो पेला ढवळला आणि पिऊन टाकला.

म्हणजे ती रेघ बघताक्षणी मला दोन गोष्टी कळल्या. काकांच्या पोटात, मार लागलेला नसताना, आपोआप रक्तस्राव झाला होता. आणि त्यांचं रक्त हवं त्यापेक्षा फार पातळ झालं होतं.

रक्त अजून वाहतंय की थांबलंय, हे बघायला शिरेतून डाय, म्हणजे चित्रात पांढरा दिसणारा द्रव, द्यावा लागतो. त्याआधी ॲलर्जी वगैरे विचारायची, म्हणून मी बाहेर आले. दारातच बाकावर त्यांची बायको बसली होती, इंदुबाई. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत पुठ्ठा. लिहितावाचता येत नव्हतं, म्हणून तिनं स्वतःची पद्धत काढली होती. प्रत्येक गोळीच्या रिकाम्या पाकिटाचा तुकडा सुईदोऱ्यानं पुठ्ठ्याला टाचायचा. वरची रांग सकाळची, खालची रात्रीची.

“कधी कुठल्या औषधानं अंगावर पुरळ, दम लागणं?”

“न्हाई.” तिनं पुठ्ठा पुढं केला. “काय काय खात्यात ते समदं ह्यात हाय. बघा की.”

“राहू द्या,” मी म्हणाले. “सरांना माहीत आहे सगळं.”

मी घाईत होते, हे खरं. पण घाईपेक्षा माझा विश्वास मोठा होता. सरांच्या पेशंटची औषधं आपण काय तपासायची, असं मला वाटलं. पिशवी बघ, असं ज्यांनी शिकवलं, त्यांच्याच पेशंटची पिशवी मी बघितली नाही.

डाय गेला. पहिल्या चित्रांत फुगलेल्या स्नायूच्या आत एक पांढरा ठिपका उमटला. मिनिटभरानं घेतलेल्या चित्रांत तोच ठिपका पसरून बोराएवढा झाला होता. ज्या रक्तवाहिनीतून डाय बाहेर सांडतो, तिथूनच रक्तही सांडत असतं. रक्तस्राव चालू होता, माझ्यासमोर.

आमच्या हॉस्पिटलात एक रीत होती. आधी तोंडी रिपोर्ट सरांना, मग कागद. सर ‘हो’ म्हणाले की टायपिस्ट शालन टाइप करायची, मी सही करायची. नातेवाइकांना उगाच भलतेसलते शब्द वाचायला मिळू नयेत, असं त्यामागचं कारण. मला त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं, मी फोनवर “सर, टाइप करू?” असं विचारायचे तेव्हा शालन हसायची, म्हणायची, “मॅडम, सासरी विचारल्यासारखं विचारता.”

मी इंटरकॉम उचलला. “सर, गुरवांना खडा नाही. डाव्या स्नायूत मोठा रक्तस्राव आहे आणि तो चालू आहे. आणि सर, रेघ आहे. सरळ रेघ.”

पलीकडे काहीच आवाज नाही. मला वाटलं, लाइन तुटली.

“हॅलो, सर?”

“टाइप करू नकोस. येतो.”

सर कधी जिने उतरून आमच्याकडे येत नसत. त्या दिवशी आले. पडद्यासमोर उभे राहून त्यांनी चित्रं पुढंमागं केली, रेघेवर थांबले.

“सर, पुण्याला पाठवू या. तिथे मांडीच्या धमनीतून नळी घालून गळती बंद करतात. आत्ता निघाले तर दीडपर्यंत पोचतील.”

“आणि वाटेत रक्तदाब पडला तर? अँब्युलन्समध्ये कोण सांभाळणार?” ते खुर्चीत बसले. “हेमांगी, धातूची झडप आहे. गोळीचा परिणाम एकदम उलटवला तर झडपेवर गाठ बसेल, माणूस त्यानं जाईल. हळूहळू उलटवायला पाहिजे. मी प्लाझ्मा लावतो, इथेच. स्नायूतली गळती बऱ्याचदा दाबानं आपली आपण थांबते. तुला माहीत आहे.”

मला माहीत होतं. हे खरंही होतं, निम्मं.

“पण रिपोर्टात रक्तस्राव चालू आहे असं वाचलं, की त्यांची माणसं घाबरून जीप करतील आणि त्याला पुण्याला नेतील. बायकोचा जीव केवढासा आहे, बघितलंस ना? तू असं कर. स्नायूला सूज, थोडा द्रव, रक्तस्राव नाकारता येत नाही, एवढं लिही. ठिपका नको. रेघ नको. संध्याकाळी पुन्हा स्कॅन करू, तेव्हा सविस्तर लिही.”

“सर, रेघ नको?”

“मला दोन तास दे,” सर म्हणाले. आजवर त्यांनी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. “एवढं माझ्यासाठी कर.”

मी शालनला मजकूर सांगितला. तिनं माझ्याकडे एकदा बघितलं, कारण चित्रं तिलाही दिसत होती आणि तीन वर्षांत तिलाही थोडं कळायला लागलं होतं. मग तिनं टाइप केलं. मी सही केली, तारीख घातली, वेळ घातली, अकरा पंचावन्न.

कागद घेऊन बाहेर आले तेव्हा इंदुबाई उठून उभी राहिली.

“काय निघालं ओ मॅडम?”

“स्नायूला सूज आहे. सर बघतायत.”

“सूजच न्हवं? दुसरं काय वंगाळ न्हाई न्हवं?”

“सर आहेत ना,” मी म्हणाले.

तिनं माझ्या हाताला हात लावून स्वतःच्या कपाळाला लावला. “मग बरं. म्या आपली उगंच देव पाण्यात घालून बसलीया.”

दीड वाजता मी वॉर्डात गेले. प्लाझ्मा चालू होता. काका पांढरे पडले होते, ओठांवर कोरड, पण शुद्धीत होते. “सावकाश वाजतंय आज,” ते छातीवर बोट ठेवून म्हणाले. खरं तर ते सावकाश नव्हतं, फार जलद वाजत होतं, फक्त आवाज बारीक झाला होता. मी सरांना बाजूला घेतलं. “सर, आता तरी.” ते म्हणाले, “अजून तासभर बघू.” मी तासभर बघितलं.

सव्वातीनला रक्तदाब कोसळला. तेव्हा सगळ्यांना एकदम पुणं आठवलं. अँब्युलन्स निघाली साडेतीनला, हायवेला सुरूरपर्यंत पोचली, आणि खंबाटकीच्या बोगद्याच्या अलीकडे गुरवकाका गेले. इंदुबाई त्यांच्या उशाशीच बसली होती. टिकटिक बंद झाल्याचं डॉक्टरच्या आधी तिला कळलं, असं त्या गाडीच्या ड्रायव्हरनं मला नंतर सांगितलं.

त्या संध्याकाळी सरांनी मला केबिनमध्ये बोलावून चहा दिला. “आपण आपल्या परीनं केलं,” ते म्हणाले. त्यांचे डोळे लाल होते आणि ते नाटक नव्हतं. मी त्यांच्यासमोर रडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

महिन्याभरानं गुरवांच्या मुलीनं अर्ज केला. साताऱ्याला चौकशी लागली. एका लांबट खोलीत टेबलापलीकडे तीन डॉक्टर, अलीकडे एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला इंदुबाई आणि तिची मुलगी. जाताना सरांच्याच गाडीतून गेलो. वाटेत सरांनी पाचवडला थांबून मला उसाचा रस पाजला. “काही घाबरू नकोस,” म्हणाले. “विचारतील तेवढंच सांग.”

माझ्या पर्समध्ये त्या दिवसाच्या सगळ्या चित्रांची सीडी होती. कुणी आणायला सांगितली नव्हती. ती बाहेर काढायची की नाही, हे मी ठरवलं नव्हतं. मी मनात म्हणत होते, सर स्वतःच सांगतील. सगळं सांगतील, मग मी नुसती हो म्हणेन.

सर उभे राहिले. त्यांनी माझा रिपोर्ट उचलला आणि त्यांच्या त्या भारदस्त आवाजात सावकाश वाचला. स्नायूला सूज, थोडा द्रव, रक्तस्राव नाकारता येत नाही.

“फिजिशियन पोटात डोकावून बघू शकत नाही,” ते म्हणाले. “मी रिपोर्टवर विसंबून राहिलो. रेडिओलॉजिस्ट तरुण आहे, हुशार आहे. अशा चुका होतात. माझी विनंती आहे की तिच्या पुढच्या आयुष्याचा विचार व्हावा.”

केसानं गळा कापणं म्हणतात, ते मी शाळेत वाक्यात उपयोग करून दाखवलं होतं. त्याचा अर्थ मला त्या खोलीत कळला. सरांनी माझ्यावर आळ घेतला होता आणि त्याच दमात माझ्यासाठी रदबदलीही केली होती, आणि समोरचे तिघं त्यांच्याकडे आदरानं बघत होते. मी त्यांच्याकडे बघितलं. ते चष्मा पुसत होते.

मग अध्यक्षांनी इंदुबाईला विचारलं, “तुमच्या मालकांना कुठली औषधं चालू होती, काही सांगता येईल का?”

इंदुबाईनं पिशवीतून पुठ्ठा काढला आणि टेबलावर ठेवला. “समदी हायती. ही झडपेची. ही बीपीची. आन् ही शेवटची टाचलेली, जुलाबाची. गावच्या जत्रेत खाणं बाधलं म्हणून सरांकडं आणलं हुतं, तवा सरांनी दिली. सहा दिस दोन्ही टायमाला, येक चुकली न्हाई.” आणि पाकिटाखाली घडी करून शिवलेली चिठ्ठी तिनं उसवून सरळ केली. तिच्यावर सरांचं अक्षर होतं.

अध्यक्षांनी पाकिटावरचं नाव वाचलं आणि शेजारच्याला दाखवलं. मला ते नाव उलट्या बाजूनंही वाचता आलं. ही साधी जुलाबाची गोळी त्या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीबरोबर दिली, तर रक्त कितीतरी पटींनी पातळ होतं. द्यायचीच झाली, तर मधेमधे रक्त तपासत राहावं लागतं. सरांनी ते तपासलं नव्हतं. गर्दीची ओपीडी असेल, विसरले असतील. चूक तेवढीच, आणि ती कुणाच्याही हातून होईल.

पण मी फोनवर रेघ म्हणाले, तेव्हाच त्यांना ही चिठ्ठी आठवली होती. लाइन तुटली नव्हती. पुण्याच्या डॉक्टरांनी ती रेघ बघून पहिला प्रश्न औषधांचाच विचारला असता. इंदुबाईच्या केवढ्याशा जिवासाठी नव्हे, झडपेसाठीही नव्हे, त्या चिठ्ठीसाठी त्यांना दोन तास हवे होते, आणि ते त्यांनी माझ्याकडे माझ्याच मायेवर मागितले.

मी पर्स उघडली. सीडी टेबलावर ठेवली.

“यात रक्तस्राव आहे,” मी म्हणाले. “चालू असलेला. औषधानं रक्त न गोठल्याची खूणही आहे. मी अकरा चाळीसला सरांना तोंडी सांगितलं होतं. रिपोर्टात लिहिलं नाही. सरांनी लिहू नको म्हटलं, म्हणून लिहिलं नाही.”

“हेमांगी,” सर हळूच म्हणाले. इतक्या दुखावलेल्या आवाजात, की क्षणभर मला वाटलं, विश्वासघात मीच केला.

खोलीत गडबड झाली. कुणी सीडीवर नाव लिहून घेतलं, कुणी शालनला बोलवा म्हणालं. निकाल लागायला दीड वर्ष लागलं, त्यात सरांवर ठपका आला आणि माझ्यावरही. दोन्ही बरोबर होते. सरांशी मी पुन्हा बोलले नाही. ते गेले तेव्हाही मी गेले नाही.

पण त्या दिवशी मी बाहेर व्हरांड्यात आले, तेव्हा मला हलकं वाटत होतं. छाती भरून श्वास घेता येत होता. खरं बोलले, स्वतःच्या गुरूच्या विरोधात बोलले, आता इंदुबाई माझा हात धरेल, असंही कुठंतरी वाटत होतं. ती पायऱ्यांवर बसून चिठ्ठी परत पुठ्ठ्याला टाचत होती. सुई तिनं पदरात टोचून बरोबरच आणली होती.

“इंदुबाई,” मी म्हणाले, “मला फसवलं त्यांनी.”

तिनं वर बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता.

“तुमाला दिसलं हुतं म्हणता.”

“हो.”

“तवाच दिसलं हुतं? मला कागद दिला, त्याच्या आधी?”

“हो.”

तिनं दोरा दातानं तोडला.

“सरांचं ऱ्हाऊ द्या मॅडम. त्येंनी मला काय सांगितलंच न्हाई. म्या त्येंना कुठं इचारलं हुतं? तुमाला इचारलं हुतं.”

सरांनी मला कसं फसवलं, ते या सतरा वर्षांत मी पुष्कळांना सांगितलं आहे. इथपर्यंत मात्र कुणालाच सांगितलं नव्हतं.